मोहाची घरगुती भट्टी आणि कायद्याची दृष्टी

फाल्गुन सरता सरता यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण व पूर्व भागांतील रानांत मोहाची फुले गळू लागतात. केळापूर, घाटंजी, मारेगाव, झरी जामणी, राळेगाव या तालुक्यांतील गोंड, कोलाम, परधान कुटुंबांच्या वर्षाच्या हिशेबात या तीनचार आठवड्यांचे मोल मोठे असते. याच सुमारास, आणि पुढे पावसाळ्यापर्यंत, जिल्ह्याच्या वृत्तपत्रांत एक ठरावीक बातमी अधूनमधून प्रसिद्ध होते : अमुक शिवारात पोलिसांची धाड, इतके लिटर मोहाचा सडवा नष्ट, इतक्यांवर गुन्हे दाखल. बातमी चार ओळींची असते आणि वाचक ती वाचून पान उलटतो. नष्ट झालेला सडवा दारूच्या धंद्यासाठी होता, की एखाद्या घरच्या लग्नासाठी वा देवकार्यासाठी, हे त्या चार ओळींत कधी सांगितलेले नसते. कायद्यालाच तो भेद फारसा ठाऊक नाही, हे त्यामागील कारण.

याच राज्यात, पुण्यामध्ये, २००९ सालापासून लघुमद्यशाळा रीतसर परवान्याने चालतात. तेथे बियर ग्राहकासमोर तयार होते आणि तिच्या पारंपरिक पद्धतीचे कौतुक होते. द्राक्षापासून वाइन बनविण्याच्या उद्योगाला महाराष्ट्र शासनाने २००१ साली स्वतंत्र धोरण आखून उत्तेजन दिले. फळ आंबवून मद्य करण्याची क्रिया नाशिकला कृषिप्रक्रिया ठरते, आणि फूल आंबवून मद्य करण्याची क्रिया पांढरकवड्याच्या रानात अपराध ठरते. या विसंगतीला काही सबळ आधार आहे काय, की ती केवळ इतिहासाच्या ओघात पडलेली गाठ आहे, हे शांतपणे तपासण्याची वेळ आली आहे.

पश्चिमेतील अनुभव

घरी मद्य करण्याचा छंद पाश्चात्त्य देशांत आज सर्वमान्य आहे. इंग्लंड-अमेरिकेतील अनेक गृहस्थ सुटीच्या दिवशी सातूपासून एल नावाची बियर किंवा सफरचंदाच्या रसापासून सायडर बनवितात, एकमेकांना चाखावयास देतात, त्यावर पुस्तके लिहितात. परंतु हे स्वातंत्र्य तेथेही फार जुने नाही. ब्रिटनमध्ये १८८० च्या कायद्याने घरी बियर करणाऱ्यालाही परवाना घेणे भाग पाडले होते. ते बंधन १९६३ साली अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी आपल्या अंदाजपत्रकात रद्द केले. अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यानंतरही घरगुती बियरला कायदेशीर मान्यता मिळण्यास १९७८ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेला कायदा पुढील फेब्रुवारीत अंमलात आला. त्यानुसार एका प्रौढ माणसाला वर्षाकाठी शंभर गॅलन, म्हणजे सुमारे ३८० लिटर, आणि दोन वा अधिक प्रौढांच्या कुटुंबाला दोनशे गॅलन बियर स्वतःसाठी करता येते. तथापि घटक राज्यांचा अधिकार तेथेही अबाधित राहिला. मिसिसिपी व अलाबामा या राज्यांनी ही मोकळीक २०१३ साली दिली.

या कायद्यांतील तीन अटी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पेय स्वतःच्या घरासाठी असावे; त्याची विक्री होऊ नये; आणि ते केवळ आंबविलेले असावे, ऊर्ध्वपातन करून काढलेले नसावे. शेवटची अट विशेष महत्त्वाची. बियर वा सायडर यांत अल्कोहोलचे प्रमाण साधारणतः चार ते सात टक्के असते. भट्टी लावून वाफेची धार काढली की ते कितीतरी पटींनी वाढते. म्हणून घरी बियर करू देणारे हे दोन्ही देश परवान्याशिवाय घरी भट्टी लावू देत नाहीत. मोहाचे मद्य हे भट्टीचे मद्य आहे. तेव्हा 'विलायतेत चालते, मग येथे का नको?' हा युक्तिवाद जितका सोपा वाटतो तितका तो सोपा नाही. विलायतेच्या उदाहरणातून घ्यावयाचे ते तत्त्व एवढेच की, घरातील पेय आणि बाजारातील माल या दोन निराळ्या गोष्टी आहेत व कायद्याला तसा भेद करता येतो.

फूल, अन्न आणि मद्य

मोहाचे फूल हे मूलतः अन्न आहे. पहाटे गळालेली रसाळ फुले स्त्रिया व मुले टोपल्यांत वेचतात, अंगणात वाळवितात आणि साठवून ठेवतात. त्यांत साखरेचे प्रमाण मोठे असल्याने ती भाजून खाल्ली जातात, पिठात मिसळून त्यांची भाकरी होते, लाडू होतात. फळांतील बियांचे तेल निघते. टंचाईच्या वर्षांत या झाडाने अनेक पोडांना तगविले आहे. शेतात मोहाचे झाड असले तर ते तोडावयाचे नाही, असा संकेत आदिवासी गावांत दिसतो, त्याचे कारण हेच.

मद्य हा या फुलाचा दुसरा उपयोग. वाळलेली फुले मडक्यात वा डब्यात पाण्यात भिजत घालून काही दिवस आंबू दिली जातात. हाच तो सडवा. नंतर तो चुलीवर तापवून वाफ थंड पाण्याच्या भांड्याखाली धरली की मद्याची धार उतरते. जन्म, लग्न, मृत्यू, पेनपूजा, पेरणीचा आरंभ या प्रसंगी त्या मद्याचे थेंब आधी देवाला व पितरांना अर्पण केले जातात. दुकानातील बाटली त्या जागी चालत नाही, कारण अर्पण करावयाची वस्तू आपल्या रानातील व आपल्या हातची असावी लागते. ज्यांना नैवेद्याचा अर्थ कळतो त्यांना हे समजावयास कठीण जाऊ नये. घरगुती मद्य हा ज्याला पश्चिमेत छंद म्हणतात तसा छंद येथे नाही. तो कुलाचाराचा भाग आहे, आणि म्हणूनच त्याची बाजू छंदापेक्षा अधिक बळकट ठरते.

गुन्हा केव्हा झाला?

ही चाल अपराध केव्हा ठरली, हे पाहिले असता नीतीपेक्षा तिजोरीचा संबंध अधिक दिसतो. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला. त्यानंतर मद्य काढण्याचा व विकण्याचा हक्क मक्तेदारांकडे व सरकारी देखरेखीखालील मोठ्या भट्ट्यांकडे गेला. घरी काढलेले मद्य मक्तेदाराचे गिऱ्हाईक व सरकारचा कर दोन्ही बुडविते, म्हणून ते बंद करणे क्रमप्राप्त झाले. यवतमाळचा इतिहास थोडा निराळा. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला त्या अमदानीत वणीवरून वून जिल्हा म्हणत. १९०५ मध्ये त्याला यवतमाळ हे नाव मिळाले. परंतु परवान्याची भट्टी, मक्ता व लिलाव यांची रीत मध्यप्रांत-वऱ्हाडातही रुळली. आदिवासीने स्वतःच्या झाडाच्या फुलापासून केलेले पेय बेकायदा आणि मक्तेदाराने त्याच फुलापासून केलेले पेय कायदेशीर, ही व्यवस्था त्या काळी जन्मास आली.

स्वातंत्र्यानंतर दृष्टिकोन बदलला, तरी परिणाम बदलला नाही. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी प्रयत्न करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. १९५१ मध्ये बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा बहुतांश भाग वैध ठरविला. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये तो कायदा यवतमाळलाही लागू झाला. पुढे संपूर्ण बंदी टिकत नाही, असे दिसून आले. पुसदनजीकच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतानाच राज्याने बंदी शिथिल करण्यास आरंभ केला, आणि १९७३ मध्ये देशी दारूचे नियम झाले. परवान्याचे दुकान खेड्यांच्या दारापर्यंत आले. बंदीचा कायदा मात्र नाव बदलून आजही उभा आहे. त्याच्या ६५ व्या कलमान्वये परवान्यावाचून मद्य तयार करणाऱ्यास कारावास होऊ शकतो. थोडक्यात, शिथिलता कारखान्याच्या वाट्याला आली. चुलीच्या वाट्याला बंदी राहिली.

कागदावरील मान्यता

आदिवासींच्या घरगुती मद्याचा प्रश्न दिल्लीला कधी कळलाच नाही, असे म्हणता येणार नाही. आदिवासी भागांतील अबकारी धोरणासंबंधी केंद्र सरकारने १९७० च्या दशकाच्या मध्यास राज्यांना मार्गदर्शक तत्त्वे दिली होती. त्यांचा आशय असा की, आदिवासी क्षेत्रांत मद्याची व्यापारी विक्री बंद करावी आणि आदिवासींना स्वतःच्या उपयोगापुरते पारंपरिक पेय करण्याची मुभा असावी. दारूचा ठेकेदार हा तेथे सावकारही असतो आणि दुकानाच्या उधारीतून जमीन व श्रम दोन्ही गहाण पडतात, हे त्यामागील निरीक्षण होते. पुढे १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांना मादक पदार्थांच्या विक्रीवर व सेवनावर बंदी घालण्याचा, तसेच त्यांचे नियमन करण्याचा अधिकार दिला, आणि गौण वनोपजाची मालकीही दिली. यवतमाळ जिल्ह्यातील मारेगाव, राळेगाव, केळापूर व घाटंजी तालुक्यांतील काही गावे १९८५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्राने पेसाचे नियम २०१४ मध्ये केले.

अलीकडच्या काळात राज्य शासनाने दोन पावले टाकली. २०२१ च्या मे महिन्यात मोहाफुलांचे संकलन, साठवण, वाहतूक व विक्री यांवरील निर्बंध उठविण्यात आले. पूर्वी घरात मर्यादेपलीकडे फुले सापडली तरी संशय येई. म्हणून वेचणारा ती हंगामातच व्यापाऱ्याला पडत्या भावाने देऊन टाकी आणि पावसाळ्यात तीच फुले चढ्या भावाने विकत घेई. ही बेडी निघाली, हे चांगलेच झाले. दुसरे पाऊल २०२२ सालचे. काजूबोंडे व मोहाफुले यांपासून तयार होणाऱ्या मद्यास देशी दारूच्या वर्गातून काढून वरच्या वर्गात नेण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक लाभला व पुढे तिला वारशाचा मान देण्यात आला. मध्यप्रदेशानेही मोहाच्या मद्याला वारशाचा दर्जा देऊन ते आदिवासी गटांकरवी बाजारात आणले. त्या वाऱ्याचा हा परिणाम म्हणावा लागेल.

परंतु या दोन पावलांच्या मध्ये जी जागा उरली ती महत्त्वाची आहे. फूल मोकळे झाले, कारखान्यातील मोहाच्या बाटलीला प्रतिष्ठा मिळाली, आणि ज्या घरात ही कला जन्मली त्या घरातील चूल जेथे होती तेथेच राहिली. मोठे भांडवल घालून परवाना मिळविणारा उद्या मोहाचा वारसदार म्हणून मिरवील, आणि कोलाम पोडावरील म्हातारी त्याच मद्याच्या दोन बाटल्यांसाठी आरोपी ठरेल, अशी शक्यता यातून निर्माण होते. वारशाचे कौतुक करताना वारस कोण, हे विसरून चालणार नाही.

स्त्रियांचा आक्षेप

एवढे झाले तरी दुसरी बाजू दुबळी नाही, आणि ती ज्यांनी मांडली त्यांचा अधिकार मोठा आहे. याच यवतमाळ जिल्ह्यात गेल्या दशकात स्वामिनी या नावाने स्त्रियांनी जिल्हा दारूमुक्त व्हावा म्हणून आंदोलन केले. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या या जिल्ह्यात नापिकी व कर्ज यांच्या जोडीला दारू घरात शिरली म्हणजे काय होते, हे त्या स्त्रियांना कोणत्याही अहवालावाचून ठाऊक आहे. गडचिरोलीत १९९३ मध्ये झालेली दारूबंदी लोकचळवळीतून आली होती, आणि त्या चळवळीत आदिवासी स्त्रियांचा वाटा मोठा होता. दारू ही आदिवासींची संस्कृतीच आहे, असे शहरात बसून म्हणणाऱ्यांनी या स्त्रियाही आदिवासीच आहेत, हे ध्यानात ठेवावे. संस्कृतीच्या नावाखाली मार खाण्याची जबाबदारी त्यांच्याकडे सोपविता येणार नाही.

त्याचबरोबर बंदीचा शेजारचा अनुभवही पाहावा लागतो. यवतमाळच्या एका अंगाला वर्धा जिल्हा, जेथे १९७० च्या दशकापासून बंदी आहे. दुसऱ्या अंगाला चंद्रपूर, जेथे २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये ती उठविण्यात आली. उठविताना अवैध दारू व तिच्याभोवतीची गुन्हेगारी वाढल्याचे कारण शासनाने दिले. सीमेवरच्या यवतमाळातून बंदीच्या जिल्ह्यांत दारू चोरून नेण्याचा धंदा या काळात जिल्ह्याला नवा राहिला नाही. बंदी फसली असा निष्कर्ष एकदम काढणे घाईचे होईल. परंतु पोलिसांच्या हाती सोपविलेली बंदी आणि गावाने स्वतः पाळलेली बंदी यांचे फळ सारखे नसते, एवढे यातून दिसते.

घर आणि धंदा

आता मूळ भेदाकडे यावे. ज्याला आज हातभट्टी म्हणतात ती बहुतांशी परंपरेची वस्तू राहिलेली नाही. तीत मोहाच्या जागी काळा गूळ येतो, नवसागर येतो, वेळ वाचविण्यासाठी व झिंग वाढविण्यासाठी आणखी काय काय येते. आणि तो माल रबरी नळ्यांत व प्लॅस्टिकच्या डबक्यांत भरून गावोगाव जातो. विषारी दारूच्या मोठ्या दुर्घटना याहूनही वेगळ्या कारणाने घडतात. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात शंभराहून अधिक माणसे दगावली ती कारखान्यात वापरल्या जाणाऱ्या मिथिल अल्कोहोलमुळे. फुले आंबवून केलेल्या पेयात ते द्रव्य स्वभावतः अत्यल्प असते. घातक प्रमाणात ते मिसळले जाते तेव्हा त्यामागे व्यापाराचा लोभ असतो. याचा अर्थ घरचे मद्य निर्धोक असते असा नव्हे. त्याची तीव्रता कोणी मोजलेली नसते, आणि व्यसनाचे दुष्परिणाम फुलाच्या मद्यानेही होतातच. परंतु धोका कोठून येतो हे न पाहता सर्वांना एकाच कलमाखाली आणले म्हणजे पोलिसांची शक्ती पोडावरील दोन मडकी फोडण्यात खर्च होते, आणि मोठा पुरवठादार सुखरूप राहतो.

शासनाच्या महसुलाचाही येथे संबंध आहे. २०२५ च्या जूनमध्ये राज्याने मद्यावरील उत्पादन शुल्क मोठ्या प्रमाणावर वाढविले. त्यातून वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपयांची अधिक प्राप्ती अपेक्षित होती. देशी दारूचे भावही त्यामुळे चढले. दुकानातील बाटली महागली की गरीब गिऱ्हाईक हातभट्टीकडे वळते, हा अर्थशास्त्राचा साधा नियम आहे. ज्या राज्याची तिजोरी मद्यावर इतकी अवलंबून आहे त्याने आदिवासीच्या मडक्याला नीतीचे धडे द्यावेत, यात सुसंगती शोधणे कठीण आहे. घटनेच्या ज्या ४७ व्या अनुच्छेदाचा आधार घेतला जातो त्याच अनुच्छेदात लोकांचे पोषणमान व राहणीमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य म्हणून आधी सांगितले आहे.

मार्ग कोणता?

यावर उपाय शोधताना परवाना सर्वांस खुला करणे किंवा सर्वांना बंदी करणे, या दोन टोकांना जाण्याचे कारण नाही. पेसा कायद्याने निर्णयाची जागा ठरवून दिली आहे. ती म्हणजे ग्रामसभा. अनुसूचित गावांत एका कुटुंबाने कोणत्या प्रसंगी व किती मद्य स्वतःसाठी करावे, याची मर्यादा ग्रामसभेने ठरवावी, आणि त्या मर्यादेतील कुटुंबाला ६५ व्या कलमापासून स्पष्ट संरक्षण द्यावे. विक्री मात्र, ती एका पेल्याची असली तरी, त्या संरक्षणाबाहेर राहावी. घर आणि बाजार यांमधील रेषा येथेच ओढावी लागेल.

दुसरी गोष्ट, या निर्णयात स्त्रियांचा शब्द अखेरचा असावा. परवान्याचे दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात स्त्रियांच्या मतदानाची पद्धत आहे. गावातील पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली की मतदान होते, आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांनी आडव्या बाटलीला कौल दिला की दुकान उठते. दुकानासाठी जो न्याय आहे तोच घरगुती मद्याच्या परवानगीसाठी लावण्यास हरकत नसावी. ज्या गावच्या स्त्रियांना ते नको असेल तेथे ते असू नये. आणि ज्या गावात परवानगी दिली जाईल तेथे ती काढून घेण्याचा हक्कही त्यांच्याच हाती राहावा.

तिसरी गोष्ट फुलाच्या भावाची. मोहाचे फूल मद्याखेरीज अन्य कामी लागून त्याला चांगला दाम मिळाला, तर सडव्याकडे जाणारा ओघ आपोआप कमी होईल. केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या योजनेत वाळलेल्या मोहाफुलांचा समावेश आहे. परंतु खरेदी वेळेवर व गावाजवळ झाली तरच त्या किमतीला अर्थ. लाडू, सरबत, मनुकांसारखी सुकविलेली फुले यांचा उद्योग बचत गटांना शक्य आहे. वारशाच्या मद्याचे परवाने द्यावयाचेच असतील तर तेही प्रथम आदिवासींच्या सहकारी संस्थांना मिळावेत. भांडवलदाराची पाळी नंतर.

या सूचनांत अडचणी नाहीत असे नाही. घरची मर्यादा कोण मोजणार, विक्री झाली की नाही हे कोण पाहणार, असे प्रश्न विचारले जातील आणि ते रास्तच आहेत. परंतु आज तरी हे कोण पाहते? वर्षातून कधीतरी येणारी धाड, तिच्या भीतीने होणारी देवघेव, आणि न्यायालयाच्या तारखांना बुडणारी मजुरी, हीच सध्याची देखरेख आहे. त्यापेक्षा आपल्या गावातील प्रत्येक चूल ओळखणारी ग्रामसभा हा अधिक विश्वसनीय पहारेकरी ठरण्याचा संभव आहे. चैत्रातील फुलांचा पुढचा हंगाम येण्यापूर्वी जिल्ह्यातील अनुसूचित गावांच्या ग्रामसभांपुढे हा विषय रीतसर मांडण्यास नवा कायदा करावा लागत नाही. असलेला कायदा वाचून दाखवावा लागतो. जिल्हा प्रशासनाने निदान तेवढ्यापासून आरंभ करावा.